द्वादशीचा उपास

बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात रिंग रोडच्या कडेला एक भलामोठा टॉवर रिकामा उभा आहे. फ्लॅट सगळे विकले गेलेत, राहायला मात्र कुणी येत नाही. घेणाऱ्यांना भाव चढायची वाट बघायची आहे. त्याच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या आणि तिथे माणसं दाटीवाटीने राहत होती. भांडीवाल्या, वॉचमन, झाडलोट करणारे. एका सकाळी जेसीबी आला आणि खोल्या गेल्या. मग ही मंडळी टॉवरच्या फाटकासमोर मांडव घालून बसली. मागणी काय, तर जिथे राबतो तिथेच परवडेल असं छप्पर द्या. यात कुणाचं काय बिघडत होतं, देव जाणे.

टॉवरवाले हायकोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत बसा म्हणून कोर्टाने परवानगी दिली, पण हमी लिहून घेतली. भोंगा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, उपोषण करायचं नाही. चूल पेटली की ते राहणं झालं, आणि उपोषण म्हणजे कोर्टावर दडपण. एक अट मोडली तरी मांडव उठणार. हमीवर पहिली सही कृष्णाबाईंची, कारण वयाने त्याच सगळ्यांत मोठ्या.

कृष्णाबाई स्वयंपाकाची कामं करत. घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बंगळूरचं, हे त्या कुणी न विचारता सांगत. नवरा गेला, दिराने चिकपेटेतलं घर विकून टाकलं आणि घराण्याचा मान घेऊन बाई पत्र्याच्या खोलीत आल्या. शेजार विद्याचा. विद्या बीदरकडची, एका कंपनीत साफसफाईला. जेसीबी आला त्या सकाळी तिने आपली ट्रंक तशीच टाकून आधी कृष्णाबाईंना हाताला धरून बाहेर काढलं होतं. मांडवातही दोघींची एकच चटई. रात्री बाईंचे पाय दुखले की विद्या चेपून द्यायची.

मांडवातलं जेवण विद्याच्या नणंदेच्या घरी शिजून यायचं आणि विद्या वाढायची. कृष्णाबाई ते घेत नसत. त्या सकाळी अपूर्व आणि स्मृती या पुण्याच्या जोडप्याकडे स्वयंपाकाला जात, तिथेच अंघोळ करून आपल्यापुरतं मडीत, म्हणजे सोवळ्यात, शिजवत, आणि डबा घेऊन येत. विद्या आग्रह करायची. "नको गं, स्वल्प पित्त झालंय," असं त्या म्हणायच्या. बाईंचं पित्त फार सोयीचं होतं. विद्याने मात्र ते खरं मानलं आणि त्यांच्यासाठी कुठूनतरी आवळ्याचं चूर्णही आणलं.

एका एकादशीला बाईंनी नेहमीप्रमाणे पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं फेडायला फ्लॅटवर गेल्या, तर कुलूप. जोडपं पुण्याला गेलेलं, सांगायचं विसरलेलं. बाई घोटभर पाणी पिऊन मांडवात परत आल्या आणि उन्हात बसून राहिल्या. विद्याने ताट आणलं, यांचं पित्त आलंच. दुपारी त्या घेरी येऊन पडल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. टीव्हीवाले आयतेच तिथे होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळलं की बेळ्ळंदूरच्या आजीने अन्नत्याग केलाय.

टॉवरवाल्यांच्या वकिलाला आणखी काय हवं होतं? हमी मोडली, मांडव उठवा, असा अर्ज लगेच पडला.

मांडवाची वकील संयोगिता, जे. पी. नगरच्या जुन्या मराठी घरातली. तिला सगळं न सांगता कळलं.

"अक्का, खरं आहे तेच सांगायचं. एकादशी होती, द्वादशीला चूल मिळाली नाही, आणि दुसऱ्याच्या हातचं तुम्हांला चालत नाही."

"पित्त होतं म्हणून सांगू की."

"दवाखान्याच्या कागदावर दोन दिवसांचा उपास लिहिलाय. समोर अन्न असताना का जेवला नाहीत, याला दुसरं उत्तर नाही. मांडव राहणार की जाणार, ते आता तुमच्यावर आहे."

कृष्णाबाईंनी विचारलं, "विद्या येईल का कोर्टात?"

"सगळेच येतील."

विद्या आली. मागच्या बाकावर बसली. न्यायाधीशांनी बाईंनी शपथेवर लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र वाचलं, चष्मा काढला आणि कन्नडमध्ये थेट बाईंनाच विचारलं, "अम्मा, ताट समोर आलं होतं ना? मग का नाही जेवलात?"

कृष्णाबाईंनी मागे पाहिलं नाही. आयुष्यभर जे करताना कधी काही वाटलं नव्हतं, ते मोठ्याने बोलताना त्यांना लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी यांच्या हातचं खात नाही, स्वामी," त्या म्हणाल्या. कन्नड विद्यालाही चांगलं येत होतं.

न्यायाधीशांनी मान हलवली. हे उपोषण नव्हे, हा या बाईंचा आचार आहे, हमी मोडलेली नाही, अर्ज फेटाळला. बाहेर पायऱ्यांवर लोकांनी संयोगिताला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. विद्या बसस्टॉपकडे पुढे निघून गेली. रात्री ती चटईवर होती, पण बाईंकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी बाई फ्लॅटवर गेल्या, पुणेकरांचा स्वयंपाक केला आणि आपल्यापुरतं काहीच शिजवलं नाही. दुपारी मांडवात पंगत बसली तेव्हा त्या सगळ्यांबरोबर ओळीत बसल्या. पुढे रिकामं ताट. पोटात भूक होती, त्याहून धास्ती जास्त होती. विद्या भाताचं पातेलं घेऊन वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आली आणि थांबली.

"वाढ," कृष्णाबाई म्हणाल्या. "विद्या, वाढ गं. चुकलं माझं."

विद्याने फाटकाकडे पाहिलं. तिथे टॉवरवाल्यांचा माणूस मोबाईल धरून मांडवाचं शूटिंग करत होता.

"नाही अक्का," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही कोर्टात शपथेवर लिहून दिलंय. आता माझ्या हातचा घास खाल्लात, तर सगळ्यांचा मांडव जाईल."

तिने बाईंचं ताट हलकेच बाजूला सरकवलं आणि पुढच्याला भात वाढला.