सरेंडर नाय

मी पासपोर्ट बोलतोय. निळा, भारताचा, एकही पान न फाटलेला. मुदतही शिल्लक आहे. तरी कायद्याने मी केव्हाच मेलोय. आणि परवा या मेलेल्याला मतदानाला नेलं!

माझा जन्म ठाण्याचा. मालक कमलेश, कोलशेतचा. चौकशीला पोलीस आले तेव्हा त्याचे वडील परशुराम हसले होते. "आमची चौकशी? आमी हितले मूलचे, साहेब. जावा, त्या टॉवरवाल्यांची करा."

कमलेश मला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. पुढे तिथली शपथ घेऊन तिथला नागरिक झाला. मुलीचं कॉलेज, स्वतःची सरकारी नोकरी, कारणं खरी होती. पोरांसाठी माणूस देश बदलतो, यात मला पाप दिसत नाही. पण आपल्याकडे दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं संपतं. मला परत करावं लागतं. कागदोपत्री त्याला म्हणतात सरेंडर.

त्या एका शब्दाने घात केला. फोनवर तो ऐकताच परशुराम भडकले. खाडीकाठच्या जमिनीसाठी त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या. "आमचे घरान कोनी सरेंडर नाय केला. तू बी नाय करनार!"

कमलेशला तेच हवं होतं. बापाच्या इभ्रतीआड स्वतःची सोय लपवून त्याने मला परत न करता ठेवून घेतलं.

या वेळी तो नव्या पासपोर्टवर व्हिसा घेऊन आला. मी बॅगेच्या तळाशी. महापालिकेची निवडणूक होती आणि मतदारयादीत त्याचं नाव अजून होतं. जेवताना तो म्हणाला, "उद्या मत टाकून येतो."

बहीण भावना वाढता वाढता थांबली. "कुठल्या हक्काने, दादा?"

"या खाडीत पोहायला शिकलो मी. मी काय बाहेरचा?"

"आता पाय घालून दाखव त्या खाडीत. वास आम्ही घेतो, टँकरची वाट आम्ही बघतो. नगरसेवक मात्र तू निवडणार, आणि विमानात बसणार. तुझं मत बोगस आहे."

बोगस! परशुरामांचा घास हातातच राहिला. गेली कित्येक वर्षं ते मतदान केंद्रावर पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसतात, ते बोगस मतदार पकडायलाच. पण ते एक शब्दही बोलले नाहीत. कमलेशने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

सकाळी केंद्रावर त्याने मला पुढे केलं. अधिकाऱ्याने फोटो पाहिला, यादीत नाव शोधलं, खूण करायला पेन टेकवलं.

"थांबा. हरकत हाय," परशुराम उठले.

"कोणावर?"

"या पोरावर. ह्यो तिकडचा नागरिक हाय."

"तुमच्या ओळखीचे आहेत?"

"माझा पोरगा."

कमलेश पुटपुटला, "बाबा, लोक बघतायत."

"बघू दे. आताच दोघा बोगसांना भायेर काढला मी. त्यांना काय तोंड दाखवू?"

कमलेशने मला खिशात कोंबलं आणि मान खाली घालून बाहेर पडला. घरी परशुराम ताटावर बसले नाहीत. आत जाऊन रडले, हे भिंतीपलीकडून मी ऐकलं.

कमलेश आता मला रद्द करून घेणार आहे. वाचकहो, दोन देशांवर माया करा, कोण अडवतंय? पण जिथलं सोसायचं नाही तिथलं ठरवायचं, हा न्याय नव्हे. तुमच्या कपाटात माझ्यासारखा एखादा मेलेला भाऊबंद जपून ठेवला असेल, तर त्याला आजच परत करा. त्याच्यासाठी कुणा बापाला पोरावर बोट रोखावं लागू नये.