हॉलमधली जोडी

मनोजने डिस्कस माशांची जोडी आणली त्या रविवारी आमच्या हॉलमधला सोफा बेडरूममध्ये गेला. सोफ्याच्या जागी लोखंडी स्टँड आला आणि त्यावर काचेची नवी टाकी. आत वाळू नाही, झाडं नाहीत. नुसतं पाणी, हीटर, स्पंजचा फिल्टर आणि मधोमध मातीचा एक निमुळता शंकू. डिस्कसला अंडी चिकटवायला असं काहीतरी उभं लागतं, असं मनोज म्हणाला.

मासे देखणे होते, यात वाद नाही. बशीएवढे गोल आणि चपटे, विटकरी अंगावर निळ्या नागमोडी रेघा. दोघांतला एक जरा मोठा होता. नर कोण, मादी कोण हे डिस्कसमध्ये नुसतं बघून सांगता येत नाही. त्यामुळे ज्यांनी आपणहून एकमेकांना निवडलंय अशी जमलेली जोडी मिळणं कठीण. मनोजला ती कल्याणच्या एका माणसाकडे मिळाली होती. शाळेत असल्यापासून तो मासे पाळतो, पण डिस्कसची पिल्लं घरात वाढवायची हे त्याचं फार जुनं स्वप्न होतं.

मनोज ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे. मी घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आम्हाला मूलबाळ नाही, त्याचं आता काही वाटतही नाही. घरात तिसऱ्या आमच्या सासूबाई, लंकाबाई. सासरे गेल्यावर त्या नामपूरहून नाशिकला आमच्याकडे आल्या. मुलाशी अहिराणीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. त्यांना ऐकू जरा कमी येतं, म्हणून संध्याकाळी टीव्हीचा आवाज मोठा असायचा.

महिन्याभरातच शंकूवर अंडी दिसली. साबुदाण्याहून बारीक, एकाखाली एक ओळीत चिकटवलेली. दोघं मासे आळीपाळीने समोर उभे राहून परांनी त्यांना वारा घालत होते. मनोज कामावरून आला तो बूटही न काढता टाकीसमोर बसला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडू लागली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढली आणि माशांनीच ती खाऊन टाकली.

"पहिल्या वेळी होतं असं," मनोज म्हणाला.

पण पुढच्या वेळीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मग त्याने पाण्याच्या मागे लागून आरओ मशीन बसवलं. पाणी सुधारलं, अंडी पांढरीच. मग तो घराच्या मागे लागला. शिकवणीची मुलं काचेवर टकटक करतात, म्हणून शिकवणी बेडरूममध्ये गेली. निम्मी मुलं सोफ्यावर, निम्मी पलंगावर. मिक्सर तो घरात नसताना लावायचा. उदबत्तीचा धूर नको. फोडणी दिली की स्वयंपाकघराचं दार बंद.

आणि टीव्ही. एका संध्याकाळी शंकूवर ताजी अंडी होती आणि सासूबाईंची मालिका चालू होती. मनोजने येऊन रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"आई, तुला किती वेळा सांगायचं? या आवाजाने मासे बिथरतात. तुझ्यामुळे सगळी मेहनत वाया जाते माझी."

सासूबाई उठून आत गेल्या. सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांची पिशवी भरलेली होती.

"मीना, मी धनराजकडे जाऊन येते थोडे दिवस," त्या म्हणाल्या. धनराज म्हणजे धाकटा दीर, नामपूरला कांद्याच्या मार्केटमध्ये काम करतो.

"आई, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका."

"मनावर कशाला घेऊ? घरात बाळंतीण असली म्हणजे हळूच बोलावं लागतं. मला ते जमत नाही."

मी त्यांना सटाण्यावरून नामपूरला जाणाऱ्या एसटीत बसवून दिलं. रात्री मनोजला विचारलं, "आई का गेल्या, कळलं का तुला?"

"बदल हवा असेल," तो म्हणाला आणि थर्मामीटर बघू लागला.

घर एकदम शांत झालं. त्या शांततेत पुन्हा अंडी आली आणि पुन्हा पांढरी पडली. आता दोष द्यायला घरात मी एकटीच उरले होते. मी त्याला तसं म्हटलं, तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

मार्चमध्ये मला ताप आला. शिकवणीला सुट्टी दिली होती. दुपारी पडून पडून कंटाळा आला म्हणून हॉलमध्ये टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. मोठा मासा शंकूला पोट घासत खालून वर जात होता आणि मागे अंड्यांची ओळ उमटत होती. मनोज त्याला नर म्हणायचा. म्हटलं, म्हणजे ही मोठी मादी निघाली, एवढंच. मग मोठी बाजूला झाली आणि लहान पुढे आली. तीही तशीच वर सरकली. तिच्यामागेही अंडी.

मी चष्मा पुसला. पुन्हा मोठी, पुन्हा लहान. मी फोन आणून सगळं रेकॉर्ड केलं.

मनोजने संध्याकाळी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग म्हणाला, "चल." भद्रकालीत शाहनवाजभाईंचं माशांचं दुकान आहे, तिथे गेलो. शाहनवाजभाईंनी व्हिडिओ बघितला आणि फोन परत दिला.

"मनोजभाऊ, ये दोनो मादी है."

"पण जमलेली जोडी आहे म्हणून दिली होती मला."

"जोडी आहेच ना! दोन माद्यापण जोडी करतात. एकत्र जागा धरतात, अंडी घालतात, राखतात. त्या कल्याणवाल्यालाही वाटलं असेल नर-मादी. नर नाही, तर अंडी पांढरीच होणार. पाण्याचा दोष नाही."

दुकानातून आम्ही घरी निघालो. द्वारकेच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मनोज म्हणाला, "आईला उगाच बोललो मी."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या रविवारी आम्ही नामपूरला गेलो. वाटेत तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता, हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं. सासूबाई धनराजच्या गच्चीवर शेजारच्या चिमणाबाईंबरोबर कुरडया घालत होत्या. मांडीवर सोऱ्या, कोपरापर्यंत चीक. आम्हाला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

"जेवना का तू?" त्यांनी मुलाला विचारलं.

"नाही अजून. आई, त्या दोन्ही माद्या निघाल्या."

"काय?"

"मासे. दोन्ही माद्या." त्याने आवाज चढवला. "तुझ्या टीव्हीचा काही दोष नव्हता. मी चुकलो."

चिमणाबाई आधी हसल्या. मग सासूबाईही हसल्या, इतक्या की हातातली कुरडई वाकडी पडली. मनोज तसाच उन्हात उभा होता. हसू ओसरल्यावर त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तू मासासाठे मले बोलना, हाई लागनं मले," त्या म्हणाल्या. माशांसाठी मला बोललास, ते लागलं.

"हो आई." त्याचे डोळे भरले होते. "घरी चल."

"आज नाय. एवढा चीक पडलाय, तो कोण घालणार? आखाजी झाली की येईन."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून लांब होती. त्याला वाटलं होतं त्या लगेच निघतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यांचा तिथे जीव रमला होता, बोलायला माणसं होती. आम्ही जेवलो, सावलीत बसलो आणि दोघंच परत आलो.

शाहनवाजभाईंनी एक नर दिला. मोठीने त्याला टाकीच्या कोपऱ्यात दाबून धरलं, त्याचे पर कुरतडले. शेवटी मोठीला हलवून शाहनवाजभाईंच्या दुकानात ठेवायचं ठरलं. मला ते आवडलं नाही. त्या दोघींचं आपसात बरं चाललं होतं. मी तसं बोलून दाखवलं. मनोज म्हणाला, "मलाही बरं वाटत नाहीये." पण तिला त्याने नेलंच.

लहान मादी बरेच दिवस रुसल्यासारखी राहिली. मग तिने नराला जवळ येऊ दिलं. या वेळी अंड्यांत काळे ठिपके आले, शेपट्या वळवळल्या आणि एका सकाळी पापणीच्या केसाएवढी पिल्लं आईबापाच्या अंगाला लोंबकळताना दिसली. मनोजने सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"त्यांले काय खावाले देस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आईबापाच्या अंगावर चिकट थर येतो, तोच खातात. एकाच्या अंगावरचं खाऊन झालं की दुसऱ्याकडे जातात."

त्या स्क्रीनवर वाकल्या. मग म्हणाल्या, "मोबाइल जवळ धर जरासा."

पिल्लं वेगळी केल्यावर बरीचशी मेली, थोडी जगली. सासूबाई आखाजीनंतर आल्या, श्रावणापर्यंत राहिल्या आणि पुन्हा नामपूरला गेल्या. आता असंच ठरलंय, काही महिने इकडे, काही महिने तिकडे. परवा मनोज स्वतः त्यांना सोडायला गेला आणि एक दिवस राहून आला.