उरलेलं पितळ

ओतारणीने कडी नीट लावली होती, याबद्दल तिला शंका नव्हती. कडी तिनेच ओतलेली. तरी चुलीपाशी जाऊन मागे बघते तो कडी कोयंड्यातून निघून लोंबत होती. वाऱ्याने निघाली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. वारा कड्या काढत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण घाबरलेल्या माणसाला कशावर तरी भरवसा ठेवावाच लागतो.

संध्याकाळ होत आली होती. तिने पुन्हा कडी लावली आणि समोरच उभी राहिली. कडी हळूच वर उचलली गेली, जरा थांबली आणि सुटली. 

दारं अशी उघडायची ती फक्त उघड्यासमोर. उघड्या म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पितळी चिलखत घालून हिंडणारा साक्षात काळ. त्याच्यापुढे कुठलंच दार बंद राहत नसे, म्हणून लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. तो बाहेर उभा राहून घरातल्या एकाला हाक मारी. ज्याला हाक आली तो उठून चालू लागे आणि मागे वळूनसुद्धा बघत नसे. तिचा नवरा असाच भरल्या ताटावरून उठून गेला होता.

शेवटी साऱ्या गावाने मिळून उघड्याला दोरखंडांनी जखडलं आणि तिच्याच भट्टीत लोटलं. चिलखत वितळलं. आत माणूस निघालाच नाही. त्या पितळाची लादी तळ्यात बुडवली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात भट्टी झाडायला मात्र कुणी थांबलं नाही. ती थांबली.

ओतताना थेंब सांडतात. ते वेचून डब्यात टाकायचे आणि पुढच्या मालात वितळवायचे, ही ओताऱ्यांची हाडीमाशी खिळलेली सवय. त्या दिवशीही तिने थेंब वेचले. त्यानंतर गावाने मोडक्या दारांसाठी नव्या कड्या मागितल्या, आणि तिने त्या डब्यातला माल घालून ओतून दिल्या.

हे तिला आत्ता, लोंबणाऱ्या कडीकडे बघताना आठवलं.

तेवढ्यात दीर धावत आला. त्याच्या घरची कडी लागून राहत नव्हती, शेजाऱ्यांचीही नाही. माल कच्चा निघाला, असं त्याला वाटत होतं. तिने त्याला थेंबांचं सांगितलं.

"वहिनी, म्हणजे घराघराच्या दारावर तोच बसलाय."

"कड्या काढायला सांग सगळ्यांना. दारं दोरीने बांधा. जा आधी."

तो गेला. तिने पक्कड घालून कडी उपटली, बाहेर भिरकावली आणि दाराला दोरीच्या गाठींवर गाठी मारल्या. घरात आता ती आणि तिची मुलगी, दोघीच उरल्या होत्या. नवरा गेला तो गेला. पोरीला ती कुणालाही नेऊ देणार नव्हती.

मुलगी आतल्या खोलीतून आली. आईकडे न बघता दाराशी बसली आणि शांतपणे गाठी सोडू लागली. तिच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली एक इवलीशी पितळी कडी होती. भीती वाटली की मुठीत धर, असं सांगून आईनेच ती ओतून दिली होती, त्याच डब्यातल्या पितळाची.

ओतारणीने दोरा तोडून ती कडी फेकून दिली आणि पोरीला मागून घट्ट कवटाळलं.

"बाळा, माझ्याकडे बघ. एकदा बघ."

मुलीने शेवटची गाठ सोडली. मागे वळून पाहिलं नाही.