दसऱ्याला उघडलेलं सील

मी सरकारी बँकेचा वसुली अधिकारी. सुरतेत मी इतक्या कारखान्यांना कुलपं ठोकलीत की बायको म्हणते, निदान घराला कुलूप लावताना तरी तोंड हसरं ठेवा.

डिंडोलीजवळचं सुकलालचं पॉवरलूमचं शेड त्यांपैकीच एक. कर्ज थकलं आणि पाच महिन्यांपूर्वी आम्ही ताबा घेतला. मूल्यांकन करणाऱ्या श्रीरंगांनी काळवंडलेले माग लांबूनच पाहिले आणि ‘भंगार’ असा शेरा मारला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लिलाव होता. भंगाराच्या भावात कर्ज फिटणार नव्हतं, म्हणजे तारण ठेवलेलं सुकलालचं राहतं घरही जाणार होतं.

दसऱ्याच्या सकाळी सुकलाल आणि त्याची बायको भागीरथी झेंडूच्या माळा घेऊन माझ्या दारात उभे. सुट्टीच्या दिवशी थकबाकीदार दारात दिसला की माझं डोकं फिरतं.

“साहेब, आज दसरा शे,” भागीरथी म्हणाली. “मशीनसनी पूजा करनी शे. घंटाभर कुलूप उघडा.”

“उद्या विकायची मशीनं. आज पूजा कसली?”

“उद्या जातीन, म्हनीसनच.”

मी पुटपुटत चपला घातल्या.

शेडच्या फाटकाशी जुने कारागीर आधीच येऊन थांबले होते. मी सील तोडलं. कुंकू लावायला जागा हवी म्हणून सुकलालने एका मागावर रॉकेलचा बोळा फिरवला, तर काळा थर निघून खाली पोलाद लखलखलं.

“हा गंज नाही?” मी विचारलं.

“ग्रीस आहे साहेब, त्यावर धूळ बसली. दिवाळीला गावी जाताना आम्ही माग असेच चोपडून ठेवतो. तुम्ही कुलूप लावलं त्याच्या आदल्या दिवशीही चोपडले.”

म्हणजे ही माणसं परत येणार म्हणूनच निघाली होती.

नारळ फुटला. पूजेनंतर मशीन फिरवायची रीत असते म्हणे. जागेला भाव यावा म्हणून वीजजोडणी बँकेनेच चालू ठेवली होती. कारागिरांनी सगळे माग पुसले. मी होकारार्थी मान हलवली.

आधी एक माग चालू झाला, मग शेजारचा, मग सगळेच. पायाखालची फरशी थरथरू लागली. आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे असे पळत होते की नजर ठरेना, आणि अर्धवट राहिलेलं निळं कापड माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकू लागलं. मी अक्षरशः थक्क झालो. इतक्या वर्षांत मी फक्त बंद कारखाने पाहिले होते. आपण कशाला कुलूप लावतो, ते आज पहिल्यांदा पाहिलं.

तिथूनच श्रीरंगांना फोन लावला. उद्याचा लिलाव थांबवतोय, चालू माग म्हणून नव्याने किंमत काढा, असं ओरडून सांगितलं. त्यांना काही ऐकू येईना.

“कुठे आहात? कसला एवढा आवाज येतोय?”

“तुम्ही भंगार लिहिलंत ना, त्याचाच,” मी म्हणालो, आणि फोन मागांकडे धरून तसाच उभा राहिलो.