पुढच्या चाकाची नळी

धायरी फाट्यावरून आत वळलं की दोन उंच सोसायट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत रणजित पोकळेचं गॅरेज आहे. त्याचा बाप गेनबा तिथे पूर्वी कांदा लावायचा. बाकीची जमीन बिल्डरकडे गेली, एवढा तुकडा रणजितने हट्टाने ठेवून घेतला. गाड्यांची साधी दुरुस्ती तो करायचाच, पण त्याचं नाव झालं होतं ते गाड्या उंच करण्यासाठी. डोंगरात, दगडधोंड्यांच्या वाटांवर गाडी घालायची हौस असलेले लोक हडपसर-वाकडहून त्याच्याकडे यायचे.

सौमित्र आगाशे त्यांच्यापैकीच एक. राहायला सदाशिव पेठेत, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, वय चौतीस. त्याने जुनी, पण चांगल्या स्थितीतली चार दारांची पिकअप घेतली होती आणि ती त्याला चार इंच उंच करून हवी होती, वर तेहेतीस इंची टायर. रणजितने त्याला दोन इंच पुरेत असं सांगून पाहिलं. चार इंचांत गाडीचं वजन वर जातं, वळणावर ती कलते, आणि एक गोष्ट बदलली की तिच्यापायी आणखी दहा बदलाव्या लागतात, हेही सांगितलं. सौमित्रने फोनमधले फोटो दाखवले आणि अशीच हवी म्हणाला. रणजितने फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर त्यालाही असलं काम आवडायचं. अशी गाडी सिग्नलला उभी राहिली की लोक काच खाली करून विचारतात, कुठे करून घेतली म्हणून.

काम नऊ दिवस चाललं. पुढे नव्या स्प्रिंगा बसल्या, मागचे पाटे बदलले, लांब शॉकअप लागले, टायर चढले. शुक्रवारी संध्याकाळी एकच गोष्ट उरली होती. गाडी उंच केली की पुढचं चाक खड्ड्यात पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबतं, आणि ब्रेकचं ऑइल चाकापर्यंत नेणारी मूळची रबरी नळी त्याला अपुरी पडते. तिच्या जागी लांब नळी लावावी लागते. रणजितने त्या मागवल्या होत्या, पण पार्सल वाटेत कुठेतरी अडकलं होतं आणि सोमवारशिवाय येणार नव्हतं. सौमित्रच्या गाडीवाल्या ग्रुपचं रविवारी पानशेतच्या पुढे जायचं ठरलं होतं. त्याचे दिवसभरात तीन फोन आले.

रणजितने मग एक उपाय केला. नळी चासीला धरून ठेवणारी क्लिप त्याने दोन्ही बाजूंना काढून टाकली. त्यामुळे नळी चार बोटं सैल झाली. गाडी जॅकवर उचलून त्याने चाक खाली सोडून पाहिलं, नळी ताणली जात नव्हती. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. स्टिअरिंग एकदा शेवटपर्यंत डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. पण तोवर सौमित्र गाडी न्यायला दारात येऊन उभा राहिला होता. बरोबर त्याचा शाळेपासूनचा मित्र होता, आमोद. तो पेठेत अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास घ्यायचा. त्याने गाडीकडे खालून वर पाहिलं आणि चढायला शिडी वेगळी घ्यावी लागते का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. सगळे हसले. जाताना रणजितने सौमित्रला सांगितलं की सोमवारी गाडी परत आणा, थोडं काम राहिलंय. कुठलं काम, ते सौमित्रने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला एका वाडीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर, दुसऱ्या वळणाला, पिकअप वाट सोडून खाली गेली. दोनदा उलटली आणि एका झाडाला अडकून डाव्या कुशीवर पडली. सौमित्रला कपाळावर टाके पडले, मनगट मोडलं. आमोद डाव्या बाजूला बसला होता. त्याचं कमरेचं हाड आणि मांडीचं हाड मोडलं. वाडीतल्या लोकांनी त्याला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. पोलिसांच्या कागदावर नोंद झाली ती चालकाचा ताबा सुटल्याची.

बुधवारी सौमित्रने रणजितला फोन करून गाडी वर काढून आणायची विनंती केली. रणजित क्रेन घेऊन गेला. गाडी गॅरेजमध्ये आणून त्याने शटर अर्धं ओढलं आणि पहिल्यांदा पुढच्या डाव्या चाकामागे बॅटरी मारली.

नळी मधोमध घासून पातळ झाली होती आणि तिथेच फुटली होती. टायरच्या आतल्या कडेला रबराचा चकचकीत काळा पट्टा उमटला होता. त्याला काही वेगळं शोधावं लागलं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळलं की तो रुंद टायर सैल सोडलेल्या नळीला घासत होता. धायरीपासून पेठेपर्यंत, पेठेतल्या बोळांतून, मग घाटात, प्रत्येक वळणाला थोडं थोडं. उतारावर सौमित्रने ब्रेक दाबला तेव्हा ती फुटली आणि पुढचे दोन्ही ब्रेक गेले. मागचे शाबूत होते, पण तीव्र उतारावर गाडीचं सगळं वजन पुढे येतं. मागच्या ब्रेकवर ती थांबत नाही.

रणजितने गाडीवर ताडपत्री टाकली. त्या दिवशी घरी जाऊन तो जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

दोन आठवडे तो गप्प राहिला. गिऱ्हाइकं येत होती, तो काम करत होता, पण एकाच गाडीचे नट तीन-तीनदा तपासत होता. आमोदच्या दोन शस्त्रक्रिया झाल्याचं त्याला कळलं, घरी आणल्याचं कळलं. कुणीही त्याला काहीही विचारलं नाही.

मग एका सकाळी सौमित्र आला. रिक्षाने आला. दाढी वाढली होती, हात गळ्यात बांधलेला. गाडीकडे तो गेलाच नाही, बाहेरच्या बाकावर बसला. रणजितने चहा मागवला. चहा समोर आला तसा सौमित्र सांगू लागला. ग्रुपमधल्या लोकांचं म्हणणं होतं की घाबरून त्याचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला असणार, नवख्या माणसाचं होतं असं. आमोदच्या बायकोने, अवनीने, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचा, ती दार उघडायची आणि आत निघून जायची.

"मला आठवतंय की मी ब्रेकच दाबला होता," सौमित्र म्हणाला. "पाय पार खाली गेला. पण आता सगळे म्हणतात तर मलाही खात्री वाटत नाही. काल ऑफिसच्या गाडीत नुसता स्टिअरिंगमागे बसून पाहिलं आणि उतरलो. कुठला पाय कुठे ठेवायचा तेच कळेना. रणजितदादा, तुम्ही गाडी बघितलीत ना? ब्रेक ठीक होते ना?"

रणजित म्हणाला, "अजून उघडून बघितली नाही. बघतो."

सौमित्रने मान हलवली आणि थँक्स म्हणून निघून गेला. चहा तसाच राहिला.

दुपारी गेनबा गॅरेजमध्ये डबा घेऊन आला, तेव्हा रणजित ताडपत्री बाजूला करून त्या चाकासमोर उकिडवा बसला होता. त्याने बापाला सगळं सांगितलं. नळी दाखवली, पट्टा दाखवला. म्हाताऱ्याला गाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण पोराचा चेहरा कळत होता. तो खुर्ची ओढून बसला.

"कुणी इचारलंय का तुला?" त्याने विचारलं.

"आज विचारलं."

"पोलिसांनी?"

"नाही."

"मग गप ऱ्हा. ती नळी काढ, नवी घाल. नाव गेलं तर हितं कोण येनार हाय? सोन्यासारखी जमीन गेली, एवढंच राह्यलंय आपल्याकडं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या पोराचं हाड काय तुझ्या बोलण्यानं जुळनार हाय व्हय?"

बाप चूक बोलत होता असं रणजितला वाटलं नाही. लांब नळ्यांचं पार्सल ड्रॉवरमध्ये पडलं होतं. जुनी नळी काढून नवी बसवायला अर्धा तास पुरला असता, आणि जुनी भंगारात गेली असती. त्याने पाना हातातही घेतला. नटावर लावला. पण त्याला बाकावरचा तो माणूस दिसत होता, आपल्या स्वतःच्या पायावरचा विश्वास उडालेला. पाना खाली ठेवून त्याने फोनवर नळीचे, टायरच्या पट्ट्याचे आणि क्लिप काढलेल्या जागेचे फोटो काढले. गेनबा बघत होता. त्याने डबा उघडला नाही, तसाच घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला रणजित सदाशिव पेठेत पोचला. स्कूटर लावायला जागा मिळेना म्हणून त्याने दोन चकरा मारल्या, आणि दुसऱ्या चकरेत परत जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. आमोदचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार अवनीने उघडलं. बाहेरच्या खोलीतच पलंग मांडला होता, आमोद उशांना टेकून पडला होता आणि खिडकीपाशी सौमित्र बसला होता. सौमित्र इतक्या लवकर तिथे आलेला असेल असं रणजितला वाटलं नव्हतं. मग वाटलं, बरंच झालं.

तो उभ्यानेच बोलला. नळ्यांचं पार्सल अडकलं होतं इथपासून सुरुवात केली. क्लिप का काढली, स्टिअरिंग फिरवून बघायचं कसं राहिलं, ते सांगितलं. फोन पुढे करून फोटो दाखवले. "सरांनी ब्रेकच दाबला होता," तो म्हणाला. "माझ्यामुळे लागला नाही. मला हे त्या बुधवारीच कळलं होतं, गाडी आणली तेव्हा. काल सरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. सौमित्र उठला आणि बाल्कनीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आमोदने फोटो नीट, बोटांनी मोठे करून पाहिले. मग फोन परत दिला.

"बसा," तो म्हणाला. "चुकलेल्याला उभं ठेवायचं काम मी क्लासमध्ये करतो. इथे खुर्ची आहे."

रणजित बसला नाही. अवनी आतल्या दाराशी उभी होती. तिचा आवाज अगदी शांत होता. "सतरा दिवस," ती म्हणाली. "सतरा दिवस मी त्याला," तिने बाल्कनीकडे हात केला, "पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही तिकडे दुकान उघडून बसलात. हे सगळं लिहून द्या. आत्ता."

तिने आमोदच्या क्लासची वही आणि पेन आणून दिलं. रणजितने टेबलावर वाकून दीड पान लिहिलं, सही केली, तारीख घातली. सौमित्र बाल्कनीतून आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. रणजितला वाटलं होतं की सौमित्रला हायसं वाटेल. पण तो रणजितसमोर येऊन म्हणाला, "मला झोपेच्या गोळ्या लागायला लागल्या, माहितीये तुम्हाला?" आणि चपला घालून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात रणजितने पोलीस चौकीत जाऊन जबाब दिला. हवालदाराने दोनदा विचारलं की स्वतःहून आलायस का, कुणी सांगितलंय. केस झाली, तिची तारीख अजून पडायची आहे. विमा कंपनीने परवानगी न घेता गाडीत बदल केल्याचं कारण देऊन सौमित्रचा दावा आधीच फेटाळला होता. ग्रुपमध्ये बातमी पसरली आणि उंच गाड्यांचं काम जवळजवळ थांबलं. आता रणजित ऑइल बदलतो, पंक्चर काढतो, सोसायटीतल्या लोकांच्या स्कूटर बघतो. गेनबा त्याच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलला. पिकअप अजून मागच्या कोपऱ्यात उभी आहे. सौमित्रने ती विकून टाका असा मेसेज पाठवला आहे, पण स्वतः एकदाही बघायला आला नाही.

जानेवारीच्या अखेरीस अवनीचा फोन आला. आमोदला तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं होतं आणि तीन जिने खुर्चीवरून उतरवायला माणसं कमी पडत होती. रणजितने गाडी घेऊन येऊ का असं विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या गाडीतून नाही. फक्त उचलायला या."

तो गेला. दारात सौमित्र होता, वरच्या मजल्यावरचे यज्ञेश्वरकाका होते, इस्त्रीवाला होता. आमोदला लाकडी खुर्चीत बसवून कमरेला ओढणीने बांधलं होतं. सौमित्र आणि रणजित पुढच्या दोन पायांना आले, कारण उंचीने तेच सारखे होते. दीड महिन्यात ते एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

जिना अरुंद होता. पहिल्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्याला अडला.

"तुमच्याकडून थोडं वर," सौमित्र म्हणाला.

रणजितने वर उचललं.

"आता डावीकडे घ्या. सावकाश."

आमोदने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि यावेळी त्याने कुठलाही शेरा मारला नाही. अवनी एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून मागून येत होती. दुसऱ्या वळणावर सौमित्रचं मोडलेलं मनगट भरून आलं, त्याने थांबा म्हटलं. सगळे पायरीवर थांबले. रणजितने आपला हात खालून पुढे सरकवून सौमित्रच्या बाजूचंही वजन पेललं. सौमित्रने मनगट झटकलं, श्वास घेतला आणि पुन्हा पकडलं.

"चला," तो म्हणाला.

खाली रिक्षा उभी होती. आमोदला आडवं बसवायला पाच मिनिटं लागली. अवनी त्याच्या शेजारी बसली, आणि रिक्षा टिळक रस्त्याच्या दिशेने हळूहळू, प्रत्येक खड्डा चुकवत गेली. सौमित्र स्कूटर काढून तिच्या मागे निघाला. रणजित फाटकाशी रिकाम्या खुर्चीजवळ उभा राहिला. आमोद परत आला की त्याला ह्याच खुर्चीतून पुन्हा वर न्यायचं होतं.