चकतीची गिरकी

नंदिनी बाळंतपणासाठी माहेरी आली ती चार महिन्यांच्या बोलीवर. लेक तारा सात महिन्यांची झाली तरी ती नंदनवन वस्तीतल्या बापाच्या वर्कशॉपमध्ये, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून उभीच होती. दुपारी तारा झोपली की तिला दीड तास मिळे. कधी दीड, कधी नुसता अर्धा. अशा तुकड्या-तुकड्यांच्या वेळातून तिने एक यंत्र उभं केलं होतं, आणि आज शनिवारी सकाळी ते टेम्पोत चढत होतं. हातातला चहा तिने दोनदा फुंकला आणि शेवटी न पिताच खाली ठेवला.

यंत्र होतं चकत्या फेकण्याचं. शॉटगनच्या सामन्यात हवेत उडालेली चकती बंदुकीने फोडायची असते. नेमबाज त्या चकतीला ‘क्ले’ म्हणतात, पण मातीचा तिच्यात कण नसतो; डांबर आणि चुनखडीची भुकटी. पालथ्या बशीएवढी, केशरी, आणि हातून सुटली तर पापडासारखी मोडणारी. एवढी नाजूक वस्तू न मोडता साठ-सत्तर मीटर भिरकवायची, आणि दर वेळी त्याच वाटेने, हे यंत्राचं काम.

मौद्याच्या रस्त्यावर एका माळावर नेमबाजांचा क्लब होता. त्याचे सेक्रेटरी चंपतराव, वनखात्यातून निवृत्त झालेले, महिन्याभरापूर्वी जुन्या यंत्राचा मोडका हात घेऊन वेल्डिंगसाठी आले होते. देवाजीने, म्हणजे नंदिनीच्या बापाने, तो उलटासुलटा करून पाहिला आणि ओतीव बिडाचा आहे, वेल्डिंग टिकणार नाही म्हणून परत दिला. तेव्हा कडेवर तारा घेऊन उभी असलेली नंदिनी म्हणाली होती, नवीनच करून देते. चंपतरावांनी आधी ताराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सामना पंधरवड्यावर येईल तेव्हा चाचणी घेऊ, नाहीतर बाहेरून यंत्र मागवू, असं सांगून ते गेले.

त्या संध्याकाळी देवाजी बराच वेळ गुडघे चोळत बसला. गुडघ्यांनी आता राजीनामा दिला होता. वर्कशॉपची शेड जिम काढणाऱ्या एका माणसाला भाड्याने द्यायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं, आणि मी चालवते, मी चालवते म्हणून नंदिनीने त्याच्या मागे धोशा लावला होता. तिचा नवरा धम्मानंद मौद्याच्या वीज केंद्रात कामाला. त्याची काही हरकत नव्हती. मी नंदनवनातून बसने ये-जा करीन, असं त्याने केव्हाच सांगून टाकलं होतं. अडून बसला होता तो बाप.

“हे एक मशीन क्लबानं पास केलं तं शेड तुयी,” तो शेवटी म्हणाला होता. “नाही केलं तं जिमवाल्याले देतो, अन् तू सुखानं मौद्याले जा. मंजूर?”

“मंजूर,” नंदिनी म्हणाली होती, आणि ताराची लाळ पुसता पुसताच तिने जमिनीवर खडूने पहिलं चित्र काढलं होतं.

मग सुरू झालं निवडणं. माळावर वीज नव्हती, त्यामुळे मोटरवालं यंत्र बाद. हाताने फेकायची प्लास्टिकची काठी सरावाला ठीक, सामन्याला नाही. उरलं स्प्रिंगचं: हात मागे ओढून खटक्यात अडकवायचा, चकती ठेवायची, दूर उभं राहून दोरी ओढायची. देवाजीने हौसेने दुकानाच्या शटरची स्प्रिंग आणून दिली. तिच्या जोराने पहिली चकती जागच्या जागी भुकटी झाली, आणि नंदिनीची आई तुळसाबाई दारातून म्हणाली की तुम्ही बापलेक मशीन करून राहिले का चटणी. मग बारीक तारेची, लांब स्प्रिंग वळवून घेतली. चकती धरून ठेवणाऱ्या चिमट्याचे तीन प्रकार झाले. प्लास्टिकचा तुटला, पत्र्याच्या पट्टीने चकतीची कड टवकली, आणि शेवटी केसांच्या पिनेसारखी वाकवलेली एक बारीक तार बसली, चकतीला जेमतेम टेकणारी.

तरीही चकती फडफडत खाली यायची. दोन दिवस तिला झोप नव्हती. मग लक्षात आलं की चकती हातावरून नुसती घसरते आहे. ती घसरता कामा नये, कडेने घरंगळत गेली पाहिजे, म्हणजे सुटताना गिरकी घेईल, आणि भवऱ्यासारखी गिरकी असली की हवेत सरळ राहील. तिने सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून हाताच्या आतल्या कडेला चिकटवली. मागच्या रविवारी धम्मानंदच्या ओळखीच्या एका रिकाम्या शेतात तीस चकत्या उडवल्या. तीसच्या तीस अखंड. प्रत्येक चकतीबरोबर तारा खिदळत होती, आणि धम्मानंद वेचायला इतका पळाला की दुसऱ्या दिवशी त्याचे पाय आखडले. देवाजी तेवढा नव्हता. तो रामटेकला भाच्याच्या लग्नाला गेला होता.

आता माळावर टेम्पो थांबला. लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या धुक्यातून वर आल्या होत्या. देवाजीने यंत्र नव्याकोऱ्या चादरीत बांधून आणलं होतं आणि वाटेत कोणाला हात लावू दिला नव्हता. चंपतरावांनी पन्नास मीटरवर दोन बांबू रोवले होते. अट साधी होती: सलग दहा चकत्या बांबूंच्या मधून, न मोडता.

चादर सुटली. यंत्र आरशासारखं चमकत होतं. क्लबाचे दोघेतिघे वाकून पाहू लागले. देवाजी मागे हात बांधून उभा राहिला, लग्नात वरबाप उभा राहतो तसा.

नंदिनीने पहिली चकती ठेवली, मागे येऊन दोरी ओढली. खटका पडला. चकती वीस पावलांवर कापलेल्या पतंगासारखी गोते खात पडली. दुसरी त्याहून अलीकडे. तिसरीचे सुटता सुटताच दोन तुकडे झाले.

नेमका तेव्हाच देवाजीचा फोन वाजला. पलीकडे जिमवाला होता. देवाजीने आवाज खाली करून सांगितलं, “सांजच्याले सांगतो.”

नंदिनी यंत्राजवळ गेली. खटका लावून ठेवला, स्प्रिंग सोडवली, मगच यंत्राच्या हातावर वाकली. आतल्या कडेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. कपाळावरची टिकलीसुद्धा स्पष्ट.

पट्टी नव्हती.

तिने बापाकडे पाहिलं आणि सगळं कळलं. निम्म्या नंदनवनातल्या जिन्यांचे कठडे देवाजीने केलेले होते. काम झालं की तो त्यावरून डोळे मिटून बोट फिरवायचा. कुठे अडलं तर रेलिंग परत बफिंगला, घासून गुळगुळीत करायला. काल रात्री लेकीचं पहिलं मशीन नटवायला तो बसला असणार, त्या चकाकत्या हातावर सायकलच्या ट्यूबचं मळकं ठिगळ दिसलं असणार, आणि त्याने ते मायेने खरवडून काढलं असणार.

चार माणसांत हे बोलायची तिची इच्छा नव्हती. तिने चंपतरावांना विचारलं, तुमचा चहा व्हायचा आहे ना. ते म्हणाले, चहा संपेपर्यंत वेळ आहे, बेटा. पण दहा म्हणजे दहा.

रबर. माळावर रबर कुठून येणार? ती धावत कडुनिंबाखाली गेली. तिथे तुळसाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

“आई, ताराच्या खालचं रबर दे.”

“काहून वं? पोरगी ओली करंल न मले.”

“करू दे.”

दुपट्याखालची लाल रबरी शीट तिने ओढून घेतली आणि बॅगेतल्या कात्रीने तिची एक बोटभर रुंद पट्टी कापली. चिकटवायला? क्लबातल्या एकाच्या मोटरसायकलच्या डिकीत पंक्चरचं सोल्युशन निघालं. तोवर देवाजी लंगडत तिच्या मागे आला होता. तिच्या हातातल्या पट्टीकडे त्याने पाहिलं, मग यंत्राच्या हाताकडे, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

“नंदे,” तो हळू म्हणाला, “ते ठिगळ कामाचं होतं का गा?”

बायकांना कोणी ‘गा’ म्हणत नाही, पण घाबरला की तो कोणालाही काहीही म्हणायचा.

“कामाचं होतं बाबा. चकती त्याच्यावर घरंगळते. गुळगुळीत झालं की घसरते.”

“मी जन्मभर लोकायचे हात घसरवत आलो,” देवाजी म्हणाला. मग त्याने खिशातून पॉलिश पेपर काढला आणि खाली बसला. गुडघे कसे वाकले ते त्यालाच माहीत. आपल्याच हातची चमक तो खसाखसा घासून काढू लागला, रबर नीट चिकटावं म्हणून. नंदिनीने सोल्युशन लावलं, फुंकर मारून सुकवलं, पट्टी बसवली. देवाजीने दोन्ही अंगठ्यांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली. तिकडे चंपतरावांनी चहाचा कप ठेवला.

पहिली चकती सुटली तेव्हा आवाजच वेगळा आला, झुईं असा. केशरी ठिपका सरळ वर गेला, बांबूंच्या मधून गेला आणि पलीकडच्या गवतात अलगद उतरला. दुसरी. तिसरी. चौथीला वारा आला तरी तिने वाट सोडली नाही. सातवीपासून देवाजी मोठ्याने मोजू लागला, आठवीला क्लबाची माणसंही. नवव्या वेळी नंदिनीचा हात दोरीवर इतका घामेजला की तिने तो ओढणीला पुसला. दहावी गेली आणि कडुनिंबाखालून तारा खिदळली, मागच्या रविवारी हसली होती अगदी तशीच.

चंपतराव चालत यंत्रापाशी गेले, वाकून लाल पट्टी पाहिली, तिच्यावरची छोटी छोटी बदकंही पाहिली. मग म्हणाले, सामन्याला हेच, आणि अजून दोन लागतील. बदकं नसली तरी चालेल.

परतीच्या वाटेवर टेम्पोत तुळसाबाईचं लुगडं ओलं होतं आणि ती ते सगळ्यांना ऐकवत होती. देवाजीने स्वतःहून फोन लावला. “जागा खाली नाही गा, भाऊ,” त्याने जिमवाल्याला सांगितलं. “पोरगी काम करून राहिली तिथं.”

फोन ठेवून त्याने वर्कशॉपची किल्ली लेकीच्या ओंजळीत टाकली. तारा लगेच ती तोंडात घालायला झेपावली.

“पुढच्या दोन मशीनले पॉलिश मीच करीन,” देवाजी खिडकीबाहेर बघत म्हणाला. “पण कुठं नाही करायचं ते तू आधी खडूनं लिहून ठेव.”