होर्डिंगवरचं पोट

लोरेटा सिमचॅक अमेरिकेतल्या ईरी शहरात शाळेची बस चालवायची. रोज सकाळी सव्वासातला टायरच्या दुकानापाशी बस वळली की वीस फूट उंचीवर तिचंच पोट तिच्यासमोर उभं राहायचं.

होर्डिंगवरच्या त्या फोटोतला चेहरा कापलेला होता. पण निळा बोलिंगचा शर्ट, खिशावर भरतकामात लिहिलेलं संघाचं नाव, शर्टाच्या ताणलेल्या गुंड्या आणि हातातली केकची बशी, सगळं तिचंच होतं. शेजारी तोच शर्ट घातलेली कुणी अनोळखी सडपातळ बाई. खाली लिहिलं होतं, ‘कालची तुम्ही, उद्याची तुम्ही’ आणि ग्वेन हॅलोरनच्या वजन घटवण्याच्या केंद्राचा फोन नंबर.

फोटो ग्वेननेच काढला होता, लोरेटाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. दोघी चौदा वर्षं एका संघात खेळत होत्या. लोरेटाचा नवरा गेला तेव्हा ग्वेन आठवडाभर तिच्या घरी राहिली होती. म्हणून तर घाव खोल बसला.

“अगं, तोंड कुठे दिसतंय तुझं?” जाब विचारायला गेलेल्या लोरेटाला ग्वेन हसून म्हणाली होती. “कोण ओळखणार आहे? आणि खरं सांगू, तुला लाज वाटत असेल तर माझ्या केंद्रातलं चूर्ण घे की. मैत्रीखातर निम्म्या भावात देते.”

ओळखलं सगळ्यांनी. पहिल्याच दिवशी मागच्या बाकांवरून ओरडा झाला, “मिस लोरेटा, तो तुमचा शर्ट!” आणि बसभर हशा पिकला. लोरेटाने आरशात पाहिलं नाही. शांतपणे ब्रेक लावला, हिरव्या दिव्याची वाट पाहिली आणि त्या दिवशी मनात ठरवून टाकलं, की या बाईला मी सोडणार नाही.

त्याच हिवाळ्यात तिची साखर वाढली. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर एक चिठ्ठी दिली. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आठ आठवड्यांचा वर्ग होता, मन लावून खाण्याचा. शिकवायच्या ओडेल प्रुइट. सत्तरीच्या, निवृत्त नर्स, आवाज असा की रडतं मूल गप्प व्हावं.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. “बघा. हुंगा. जिभेवर ठेवा. घाई नको. पाच मिनिटं लागली तरी चालतील.”

लोरेटाने तो बेदाणा असा चावला की दातांचा आवाज शेजारणीने ऐकला.

“काय जाणवलं?” ओडेलबाईंनी विचारलं.

“ग्वेन.”

“ती कोण?”

“तिलाच चावत होते मी.”

वर्ग हसला. ओडेलबाई हसल्या नाहीत. “राग अंगात कुठे आहे?”

लोरेटाने विचार केला. “जबड्यात. आणि इथे, बरगड्यांखाली.”

“मग आठवडाभर फक्त लिहून ठेवा. कधी खाल्लं, आणि खाण्याआधी बरगड्यांखाली काय होतं.”

तिने लिहिलं. खाडाखोड न करता, बस धुण्याच्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. तेव्हा तिला कळलं, की गाडीत बसल्या बसल्या ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीतून ती जे दोन बर्गर आणि मोठा मिल्कशेक घेते, ते भूक लागून घेत नाही. भूक लागायची बरोबर टायरच्या दुकानापाशी, सकाळी सव्वासातला आणि दुपारी पावणेचारला. पोटात अन्न असो नसो.

“म्हणजे इतके दिवस मी त्या बाईच्या नावाने खाऊन माझीच साखर वाढवत होते?” तिने ओडेलबाईंना विचारलं. असा संताप आला की त्या दिवशी बर्गर घशाखाली उतरेना.

चौथ्या मंगळवारी तळघराचं दार उघडलं आणि टोपी खाली ओढलेली, ढगळ कोटातली एक बाई मागच्या रांगेत येऊन बसली. लोरेटाने चालीवरूनच ओळखलं. केंद्राच्या पत्रकांवर ग्वेन अजून स्वतःचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो छापायची. कोटाच्या आतली ग्वेन त्या फोटोतल्या ग्वेनच्या दीडपट होती.

ओळख करून देताना ग्वेन खाली बघत बोलली. “मी गॅरेजमध्ये गाडीत बसून खाते. आइस्क्रीमचा अख्खा डबा. मग रिकामा डबा शेजाऱ्यांच्या कचऱ्यात टाकते.” मान वर केली आणि तिला लोरेटा दिसली.

वर्ग सुटल्यावर तिने लोरेटाला कोटांच्या खुंट्यांपाशी गाठलं. “लोरेटा, तुझ्या पाया पडते. बाहेर कळलं तर माझं केंद्र बुडेल.”

“होर्डिंग उतरव.”

“डिसेंबरपर्यंतचा करार आहे गं.”

“मग माझाही डिसेंबरपर्यंतचा.”

“कसला?”

लोरेटाने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि जिना चढून गेली. इथलं बोलणं इथेच राहील असा वर्गाचा नियम होता. तिने तोंडाने तो शब्द दिला होता आणि ती शब्द मोडणारी नव्हती. पण घरी जाताना ती गाडीत मोठ्याने गात होती.

एप्रिलमध्ये हंगाम संपल्याचं जेवण होतं, रविवारी दुपारी, बोलिंगच्या हॉलमध्ये. ग्वेन तिथे दरवर्षी केंद्रासाठी सभासद गोळा करायची. टेबलावर चूर्णाचे डबे रचले होते आणि मागे तोच फोटो, माणसाच्या उंचीचा. लोरेटा निळा शर्ट घालून आली. सगळ्या गुंड्या लावल्या, सरळ चालत गेली आणि फोटोच्या शेजारी उभी राहिली.

हॉलमध्ये कुजबुज झाली.

“हे पोट माझं आहे,” लोरेटा म्हणाली. “आजवर मला त्याची लाज वाटायची, आज नाही वाटत. मी ग्वेनच्या केंद्रात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. तिचं चूर्ण मी चाखलेलं नाही. शेजारची ही बाई कोण, मला ठाऊक नाही. आणि अजून एक...”

ती थांबली. ओडेलबाईंनी शिकवल्याप्रमाणे एक श्वास सावकाश आत घेतला, सावकाश सोडला. मग दुसरा. पुढे तिला काहीच बोलायचं नव्हतं. पण ग्वेनकडे बघत तिने तिसरा श्वास घेतला, तोही अगदी सावकाश.

ग्वेनला ते सोसलं नाही. “सांग ना मग!” ती किंचाळली. “सांगून टाक! हो, मी पण त्या तळघरात येते! मलाही आवरत नाही खाणं! चूर्णाने काही होत नाही, झालं समाधान?”

पहिल्या टेबलावरच्या बाईने भरलेला अर्ज दुमडून पर्समध्ये टाकला. मग दुसरीने. लोरेटा तिथेच उभी राहून एकेक अर्ज पर्समध्ये जाताना बघत होती. त्या सुखात तिने कणभरही घाई केली नाही.

पंधरा दिवसांत होर्डिंग उतरलं. जूनपर्यंत केंद्राला कुलूप लागलं.

त्या जेवणानंतरच्या मंगळवारी ग्वेन वर्गाला आली नव्हती. ओडेलबाईंनी त्या दिवशी लोरेटाला मागे थांबवून घेतलं. गोष्ट त्यांच्या कानावर आली होती.

“तुम्ही नियम मोडला नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण तो तिसरा श्वास कशासाठी होता?”

“तिच्यासाठी.”

“मी ते यासाठी शिकवत नाही, लोरेटा.”

“ठाऊक आहे मला.”

“इथे येऊन ती पहिल्यांदा खरं बोलली होती. आता कुठे जाईल ती?”

लोरेटाच्या बरगड्यांखाली काहीतरी टोचलं. तिने ते नीट पाहिलं, तो राग नव्हता. काय होतं, त्याला तिने नाव दिलं नाही.

“तिला एक चिठ्ठी लिहा,” ओडेलबाई म्हणाल्या. “माफी मागू नका हवं तर. फक्त वर्गाची वेळ कळवा.”

“वेळ तिला माहीत आहे,” लोरेटा म्हणाली आणि खुर्च्या भिंतीशी लावू लागली. “यंदा तरी माझ्याकडून नाही होणार, बाई. पुढच्या वर्षी विचारा.”